महादेवाच्या सांडानं पाडलेला कूड

आभाळ भरून आलं की माझी छाती भरायची. उन्हात मी दिवसभर वांगी तोडायची, टोपली डोक्यावर घेऊन केनवडच्या बाजारातही जायची. पण श्रावणातली ती बिनवाऱ्याची ओली हवा आली, की दम्यानं बसल्या जागी भाता सुरू! म्हणून महादेवावर माझा भारी राग होता. सोमवारचा उपास करायची, बेल वाहायची आणि मनात म्हणायची, बाबा रे, श्रावण तुझा, मग त्याच महिन्यात माझा गळा का धरतोस?

त्यात त्याचा तो सांड! देवाच्या नावानं सोडलेला, म्हणून गावात त्याला कुणी बोट लावायचं नाही. आमचा मळा घराला लागूनच. रोज सकाळी स्वारी वांग्यांत हजर. सासूबाई हात जोडायच्या, मी काठी घेऊन धावायची.

"देवाचा जीव हाय तो. काहून हाकलून राह्यली त्याले?"

"मग देवाले सांगा ना मामीजी, त्याले घरीच जेवू घाल म्हणा!"

असं आमचं सासू-सुनेचं रोजचं चालायचं.

एका सोमवारी सकाळीच आभाळ काळंकुट्ट झालं. पान हलेना. दुपारपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटेना. आमच्याकडे दम्याला एकच इलाज ठाऊक होता. ओली हवा आत येऊ द्यायची नाही आणि धुनी द्यायची. सासूबाईंचा माझ्यावर जीव, त्यामुळे धुनीही सढळ हातानं. त्यांनी दार लावलं, फटींत पोती कोंबली, घमेल्यातल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कडुनिंबाचा पाला अन् गुग्गुळ टाकला आणि माझी पाठ चोळत बसल्या. "घे पोरी, धूर घे, कफ सुटंल." खोली धुरानं गच्च झाली. मला शेजारी बसलेल्या सासूबाईही दिसेनात. धूर नको म्हणायला हात हलवला, तर त्यांना वाटलं, अजून पाहिजे. त्यांनी अजून टाकला!

मग मात्र मी घाबरले. मरण असं घरात, मायेच्या माणसाच्या हातून येतंय असं वाटलं. भांडायलाही दम उरला नव्हता. मी मनात एवढंच म्हटलं, महादेवा, आता तुला वाटेल ते कर.

तेवढ्यात बाहेर करकर आवाज आला. आमच्या घराची मागची भिंत म्हणजे तुरीच्या काड्यांचा, शेणामातीनं लिंपलेला कूड. पावसाआधी सांडाला माश्या चावत असाव्यात. तो कुडाला अंग घासत होता. एकदा घासलं, दोनदा घासलं आणि धाडकन अख्खा कूड आत आला. पाठोपाठ ते भलंमोठं डोकं. धूर नाकात जाताच सांड असा शिंकला, की सासूबाई घमेल्यासकट मागं सरकल्या.

"अवं माय वं! हट, हट!"

धूर भसाभस बाहेर गेला. त्याच सुमारास वारा सुटला, थेंब पडू लागले आणि माझ्या छातीत हवा शिरली. हवा! गोड असते हो ती. सासूबाईंनी माझीच काठी उचललेली पाहून मी त्या श्वासाचे पहिले शब्द बोलले, "मामीजी, हाकलू नका त्याले!"

"हे तू म्हणून राह्यली?" त्या म्हणाल्या, आणि रडता रडता हसू लागल्या. मीही हसले.

त्या जागी पुढे खिडकी झाली. धुनी कायमची अंगणात गेली. दमा मात्र गेला नाही. आभाळ आलं की आजही छाती भरते. पण आता मी महादेवाशी भांडत नाही. खिडकीत बसते, श्वास मागते, आणि तो कुठल्या वाटेनं यावा हे देवाला सांगत नाही. तो सांड होता तोवर दर सोमवारी तोडलेली पहिली वांगी मी माझ्या हातानं त्याच्यापुढे ठेवली. तरी लबाड आधी वाफ्यातलीच खायचा.