गाडी माझी, कार्बोरेटर कुणाचा?

आता काय सांगू तुम्हाला, आणि कुठल्या तोंडाने सांगू! सांगतो, पण एका अटीवर. आमच्या हिच्यासमोर हा विषय काढायचा नाही. आणि तुम्ही आत्ताच का हसताय? तुम्हाला कुणी आधीच सांगितलंय का?

बघा, हा माझा स्वभाव! बँकेत माझं खातं तपासणीचं. लोकांच्या कामात काय लपलंय ते हुडकायचं, त्याचाच पगार मिळतो. मग घरी आल्यावर डोळे काढून खुंटीला टांगू का? दूधवाला हसला तर मी दूध तापवून बघतो. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली, तर टोमॅटो परत मोजून घेतो. मूळचा मी सांगलीचा, आणि सांगलीत हे खपून जात होतं. पण लखनौ! इथली माणसं इतकी गोड बोलतात की माझ्यासारख्याला झोप लागत नाही. इतकं गोड बोलतोय म्हणजे नक्की काहीतरी गडबड आहे, असं मला दिवसातून दहादा वाटतं.

तर, गाडी. दोन सीटची, वर टप नाही, पुढून लांब नाकाची. आपल्याच देशात बनलेली खरीखुरी स्पोर्ट्स कार! नाव नाही सांगत. सांगितलं की लोक "कुठली?" म्हणतात आणि माझा जीव तुटतो. फार थोड्या विकल्या गेल्या बिचाऱ्या. कॉलेजात असताना मी एकदा एक बघितली होती, तेव्हापासून डोक्यात बसलेली. ती मला सापडली लखनौजवळ मलिहाबादच्या एका आमराईत. मालकाने तिच्यात दशहरीच्या पेट्या भरून ठेवल्या होत्या.

"भाईसाहब, ले जाइए," तो म्हणाला, "बस आम पहले उतार लेने दीजिए."

गाडी टेम्पोवर घालून गोमती नगरला आणली. आमची ही, म्हणजे नीलिमा, गॅलरीतून बघत होती. वर आल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, भंगार लोक घरातून बाहेर काढतात."

मुलगी म्हणाली, "पापा, यार, इसमें पीछे सीट ही नहीं है. मैं कहाँ बैठूँगी?" मी तिला गाडीचं लांब नाक दाखवलं.

दुरुस्तीसाठी जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. अलीगंजचे पुत्तन भाई! म्हटलं, सगळे एकच नाव सांगतात म्हणजे हे आपसात ठरलेलं असणार. तरी गेलो. समोर बघतो तर पांढराशुभ्र चिकनचा कुर्ता घातलेला, कानात अत्तराचा फाया खोचलेला माणूस. अहो, गॅरेजवाला आणि कुर्त्यावर ग्रीसचा एक ठिपका नाही? हा काम करतो कधी?

"तशरीफ़ रखिए, साहब," पुत्तन भाई म्हणाले. "पूरे शहर में हमसे अच्छा हाथ हो तो हमारा नाम बदल दीजिएगा. आपकी गाड़ी को दुल्हन बना देंगे."

नवरीचं ठीक आहे, पण नवरीचे दागिने बदलले तर? जुन्या गाडीचं हेच तर असतं ना! अस्सल सुटे भाग काढून विकायचे आणि तिथे दुसरेच बसवायचे. मालकाला काय कळणार? पण हा मालक तपासणी खात्यातला होता! गाडी त्यांच्याकडे सोडायच्या आदल्या रात्री मी नीलिमाच्या ड्रॉवरमधून नेलपेंटची बाटली लंपास केली आणि कार्बोरेटरच्या बुडाशी हळूच एक ठिपका देऊन ठेवला. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला पाजणारं यंत्र. माझ्या गाडीचा होता अगदी मूळचा. आता बदला म्हणावं! ती युक्ती सुचल्यावर मी इतका खूश झालो की एकटाच हसलो.

पुत्तन भाईंनी पहिली तारीख दिली तिला गाडी झाली नाही. दुसरीलाही नाही. शेवटी झाली तेव्हा मात्र, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. निळाशार रंग, चकचकीत दिवे. किल्ली फिरवली आणि ती गुरगुरली. पुत्तन भाई कुर्त्याच्या बाह्या सावरत उभे होते.

मी पाणी पुसलं आणि बोनेट उघडलं.

कार्बोरेटर लखलखत होता! मोबाइलचा दिवा लावून वाकून बघितलं. बुडाशी ठिपका? नाही!

"पुत्तन भाई, यह कार्बोरेटर वही है?"

"वही है, साहब. तीन बार खोला, रात-रात भर भिगोया. देखिए, कैसा निखर आया है."

"बिलकुल वही?"

"अब आपसे क्या छिपाना, साहब."

ऐकलंत? छिपाना! मी अजून चोरीचा शब्दही काढला नव्हता आणि हा माणूस लपवण्याचं बोलत होता. मी गोड हसलो, शुक्रिया म्हटलं, गाडी घरी आणली. घरी आल्यावर यूट्यूबवर बघून बघून, हाताची सालं काढत, तो लखलखीत तोतया खोलला. वर्तमानपत्रात गुंडाळला आणि नमुना म्हणून बरोबर घेऊन थेट जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. चोरीचा माल शेवटी तिथेच यायचा!

आणि काय सांगू, गुप्ताजींच्या दुकानात फळीवर एक काळाकुट्ट, तेलकट कार्बोरेटर. उलटा करून बघितला. बुडाशी लाल ठिपका! जत्रेत हरवलेलं पोटचं पोर सापडावं तसं झालं हो!

"यह कहाँ से आया?"

"परसों ही आया है," पान चघळत गुप्ताजी म्हणाले. "ख़ास माल है. आप क्या लाए हैं? दिखाइए. अच्छा, यह भी चलेगा. अदला-बदली कर लीजिए, ऊपर से कुछ नहीं लेंगे."

वरून एक पैसा न घेता! त्या आनंदात माझ्यातला तपासनीस नेमका रजेवर गेला. दूधवाला हसला तर दूध तपासणारा मी, भंगारवाला फुकट द्यायला निघाला तर तपासलं नाही. तोतया त्यांना दिला, आपला 'अस्सल' घेऊन पळालो आणि घरी जाऊन गाडीत बसवला.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण नाही! मी जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला. 'अलीगंजच्या एका नामांकित कारागिराकडे गाडी देताना सावध राहा, सुटे भाग बदलले जातात, माझ्याकडे पुरावा आहे.' लगेच दोघांनी आपल्या गाड्या पुत्तन भाईंकडून परत नेल्या. पुत्तन भाईंचे मला फोनवर फोन. मी उचलले नाहीत. चोराचा फोन कोण उचलतो?

रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. तिथे अस्सल गाडीलाच प्रवेश. नीलिमा नवी साडी नेसली, गॉगल लावला, डोक्याला स्कार्फ बांधला. लग्नाच्या इतक्या वर्षांनी ती माझ्या शेजारी ऐटीत बसली आणि म्हणाली, "बरी दिसते हो तुमची गाडी." बस! आणखी काय पाहिजे माणसाला?

गाडीला आणखी काहीतरी पाहिजे होतं. गोमतीच्या पुलावर तिने दोन आचके दिले, पेट्रोलचा भपकारा सोडला आणि भर पुलावर बसकण मारली. मागून हॉर्नचा गोंधळ. एक ई-रिक्षावाला जाता जाता म्हणाला, "अंकल, छत तो उड़ ही गई, इंजन भी उड़ गया क्या?"

बोनेट उघडलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल भळभळ वाहत होतं. मी त्या पुत्तनच्या नावाने खडे फोडत तो काढला. त्यानेच माझ्या अस्सल कार्बोरेटरची वाट लावली असणार! नीलिमाने रुमालाने पुसून तो हातात घेतला, उलटा केला.

"हा लाल ठिपका कसला?"

आता कबूल करण्यावाचून इलाज नव्हता. "तुझं नेलपेंट. ओळख म्हणून लावलं होतं."

तिने गॉगल वर केला. ठिपक्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "अच्छा, ते तुम्ही पळवलंत होय! आणि मी बिचाऱ्या कामवालीवर संशय घेतला. पण अहो, हे माझं नेलपेंट नाहीच."

"लाल आहे ना?"

"हा भडक लाल आहे. माझं गाजरी होतं!"

"लाल ते लाल, गाजरी काय आणि..."

"असा भडक लाल मी जन्मात लावलेला नाही! तुम्ही माझ्या नखांकडे कधी बघितलंय का?"

पुलावर वारा चांगला होता, तरी मला दरदरून घाम फुटला. हा जर माझा नाही, तर माझा कुठला? तो लखलखीत? आणि तो तर मी माझ्या हाताने... अरे देवा!

गाडी ढकलून कडेला लावली, रिक्षा केली, दोघं गुप्ताजींच्या दुकानात. आत बघतो तर पुत्तन भाई! पांढऱ्या कुर्त्यात, मांडीवर तो लखलखीत कार्बोरेटर घेऊन, गुप्ताजींशी तावातावाने भांडत बसलेले.

मला बघताच ताडकन उठले. "साहब! कब से फ़ोन कर रहे हैं! आपकी गाड़ी में चोरी हो गई! यह हमारे हाथ का काम है, लाखों में पहचान लें. किसी कमबख़्त ने निकालकर यहाँ बेच दिया. हमने इनसे कह दिया है, चोर का नाम बताओ, नहीं तो थाने चलो!"

गुप्ताजींनी शांतपणे पान थुंकलं. बोट वर केलं. माझ्याकडे.

"यही साहब दे गए थे."

मी नीलिमाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

मी चाचरत विचारलं, "मगर... वह नेल पॉलिश का निशान?"

"उस पर भी था," पुत्तन भाई म्हणाले. "थिनर से छुड़ाया. हर दूसरे साहब लगाकर लाते हैं. हम समझते हैं बेगम साहिबा के हाथ से टपक गया होगा."

गुप्ताजींनी कोपऱ्यातली टोपली पुढे सरकवली. लोकांनीच मोडीत विकलेले हॉर्न, पंप, डायनॅमो, जे उचलाल त्याच्यावर ठिपका! लाल, गुलाबी, जांभळा. अख्ख्या लखनौतले शंकेखोर नवरे त्या टोपलीत पडले होते. आणि मी समजत होतो, ही अक्कल देवाने एकट्या सांगलीकराला दिली!

"और वह ग्रुप वाली बात..." मी पुटपुटलो.

"लोगों ने दिखाई थी," पुत्तन भाई मान खाली घालून म्हणाले. "हमने कहा, चोरी हुई है बेचारे के यहाँ. ऐसे में दिमाग़ कहाँ ठिकाने रहता है."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं हो! खरंच सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिथेच उभं राहून, सगळ्यांसमोर, ग्रुपवर माफीचा व्हॉइस मेसेज पाठवला. गुप्ताजींच्या आग्रहाखातर दोनदा, कारण पहिल्यात माझा आवाज दबका होता म्हणे. गाड्या परत पुत्तन भाईंकडे आल्या. मेळावा मात्र हुकला.

आणि माझी गाडी? पुत्तन भाईंनी तो कार्बोरेटर पुन्हा बसवला, झकास चालते. फक्त त्यांनी बोनेटला एक छोटंसं कुलूप लावलंय आणि किल्ली स्वतःकडे ठेवलीय. मी विचारलं तर अदबीने छातीवर हात ठेवून म्हणाले, "साहब, गाड़ी आपकी, बोनट हमारा."

आता साधं ऑइल बघायचं असलं तरी मला त्यांना फोन करावा लागतो. आणि फोन उचलला की दुआ-सलाम व्हायच्या आधी, अत्यंत गोड आवाजात, पुत्तन भाई विचारतात, "फ़रमाइए साहब, काम है, या शक है?"