हेडफोनमधली शिट्टी

"जुना माल नवा म्हणून बसवलात तुम्ही, मॅडम." फोनवर साहेब एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातला चहा तसाच निवत राहिला.

साहेब म्हणजे चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखानदार. हौस म्हणून त्यांनी दोन माणसांचं एक छोटं विमान घेतलंय आणि गावाबाहेरच्या एका खाजगी धावपट्टीवर ठेवलंय. मी विमानांचे रेडिओ दुरुस्त करते, भोसरीत माझा लहानसा गाळा आहे. दसऱ्याच्या आधी मीच त्यांच्या विमानात दिशा दाखवणारा नवा रेडिओ बसवला होता. जमिनीवरचं स्टेशन टिंब-रेघांच्या आवाजात आपली ओळख सांगत असतं. ती आधी कानानं ऐकायची आणि मगच काट्यावर भरवसा ठेवायचा, अशी पद्धत. दसरा झाला आणि त्या टिंब-रेघांवर एक बारीक शिट्टी येऊन बसली.

शिट्टी गेली असती हो, पण साहेबांनी तोवर दोन-चार ओळखीच्या विमानवाल्यांना सांगूनही टाकलं होतं की बाई फसवते. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक मोजकं आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. एकदा नाव गेलं की गाळ्याचं शटर वर करायचं कशाला? मला रडू नाही आलं, संताप आला. मीटर आणि हेडफोन पिशवीत टाकले आणि निघाले.

मोशीच्या पुढे नेहमीप्रमाणे गाडी अडकली. पुढे कांद्याचा ट्रक, मागे कंपनीची बस. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून टाकला होता. विमानाची देखभाल करणारा मेकॅनिक. मावळातला माणूस, जेमतेम बोलणारा. माझ्याआधी रेडिओचं काम त्याच्या ओळखीतल्या एकाकडे होतं, ते माझ्याकडे आलं तेव्हापासून हा मला धड चहाही विचारत नव्हता. म्हटलं, यानंच काहीतरी खोडी केली असणार.

विमान ठेवतात त्या हँगरमध्ये पोचले तर मेकॅनिकची स्वारी हजर. साहेब बाजूला खुर्ची टाकून माझ्या हातांकडे बघत बसलेले, जणू मी खिशात काही घालून नेणार होते.

मी इंजिन सुरू करायला लावलं आणि हेडफोन चढवला. इंजिन वाढवलं की शिट्टी चढायची, कमी केलं की उतरायची. मग वीज बनवणारा अल्टरनेटर बटणानं बंद केला. शिट्टी गप्प! पुन्हा चालू केला, पुन्हा शिट्टी.

"आवाज अल्टरनेटरचा आहे साहेब," मी इंजिन बंद झाल्यावर सांगितलं. "रेडिओ फक्त ऐकवतोय."

"जुना अल्टरनेटर इतकी वर्षं गप्प होता," ते म्हणाले. "तुमचा रेडिओ आल्यावरच बरा बोलायला लागला?"

"रेडिओ बसवला त्या दिवशी तुम्ही स्वतः हेडफोन लावून ऐकलं होतंत. तेव्हा होती का शिट्टी?"

ते खिशातला फोन काढून बघायला लागले. मी मेकॅनिककडे वळले. "भाऊ, त्यानंतर या विमानाला काय काय केलंत?"

"काय न्हाई ताई. पूजा झाली फकस्त."

उत्तर फारच झटकन आलं. चोराच्या मनात चांदणं! मी इंजिनावरचं झाकण काढायला सांगितलं. तो उगाच स्क्रू शोधत बसला, पाना इकडे ठेवलाय का तिकडे. शेवटी मीच काढलं.

इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली पत्र्याची भिंत लखलखत होती. नवाकोरा चंदेरी रंग.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमीच्या आधी प्रत्येक वर्कशॉपमध्ये हेच चालतं. लेथ असो की प्रेस, घासायचं, पुसायचं, रंगाचा हात मारायचा आणि मग हळदकुंकू, झेंडूचा हार. मीही माझ्या सोल्डरिंगच्या टेबलाला हार घालते. पण लेथ रंगवला तर लेथचं काही बिघडत नाही. इथे त्या भिंतीवर काडेपेटीएवढा एक फिल्टर असतो, अल्टरनेटरचा गोंगाट विमानाच्या पत्र्यात सोडून देणारा. त्याचं बूड उघड्या पत्र्याला टेकलेलं हवं. मी मीटरची एक टोचणी फिल्टरला आणि दुसरी पत्र्याच्या उघड्या कडेला लावली. मीटर मुका, म्हणजे दोघांत जोडच नव्हता. बोल्ट काढला, तर फिल्टरच्या खाली, अगदी बोल्टच्या भोकाच्या कडेपर्यंत, रंगाचा जाड थर.

साहेब फोनवर बोलत बाहेर गेले होते. मी मेकॅनिकला धरलं. "ठरवून केलंत ना हे?"

"आईशप्पत न्हाई, ताई. बोल्ट मी काढले, लावले पण मीच. ब्रश माझ्या हातात नव्हता."

"मग कोणाच्या?"

त्यानं नुसतं दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सायेब सुरवातीला प्रेसवर कामाला व्हते. तवापासनं खंडेनवमीला एक मशीन सोताच्या हातानं रंगवत्यात. औंदा ह्ये रंगवलं. मी म्हनलो, हितं रंग नको. तर म्हनले, पूजेच्या कामात आडवा येऊ नको."

"आणि मला चोर म्हणाले तेव्हा? तेव्हा तुमच्या तोंडात काय मूग होते?"

"नोकरी हाय, ताई."

इतका राग आला की पाना फेकून मारावासा वाटला. म्हणजे माझा संशय अर्धा चुकला होता आणि अर्धा बरोबर होता. करणारा हा नव्हता, पण माहीत असून गप्प बसलेला हाच होता. आणि त्याची नोकरी खरी होती, हेही मला कळत होतं. कळून राग काही कमी झाला नाही.

साहेब आत आले. मी फिल्टर त्यांच्या हातात दिला आणि खालचा रंग दाखवला. सगळं सांगितलं. फक्त मेकॅनिकनं आधी टोकलं होतं, ते सांगितलं नाही. त्यांनी रंगावर नख ओढलं. मग पॉलिश पेपर मागितला आणि स्वतः घासायला लागले. पत्रा उघडा पडला, फिल्टर परत बसला, इंजिन सुरू झालं. माझ्याकडच्या चाचणीच्या डब्यातून मी स्टेशनसारखी ओळख सोडली. टिंब, रेघ, टिंब. स्वच्छ.

"छान," साहेब म्हणाले. "किती झाले?"

"कामाचे काही नकोत. ज्यांना सांगितलंत, त्यांना फोन लावा."

त्यांनी पाकीट उघडलं. मी हलले नाही. शेवटी त्यांनी फोन लावला. "हां, ते मॅडमचं... त्यांची चूक नव्हती. वायरिंगमध्ये बारीकसं काहीतरी होतं."

"रंग म्हणा, साहेब."

मेकॅनिक झाकणाचे स्क्रू आवळायचा थांबला.

"रंग होता," साहेब फोनमध्ये म्हणाले. "मीच लावलेला."