नारळाचं प्रतिज्ञापत्र

आमचं शॉमबर्गचं घर एका नारळापायी लिलावात निघणार होतं.

घर घेताना माझी बायको सुजाता म्हणाली होती, महाग पडतंय. मी छातीठोकपणे सांगितलं, इथे घरांच्या किमती कधी उतरत नाहीत. पुढे कंपनीने मला नारळ दिला (तो नारळ वेगळा), डॉलरमधले हप्ते थकले आणि घराची किंमत कर्जाच्याही खाली गेली. शेवटी बँक शॉर्ट सेलला तयार झाली: घर मिळेल त्या किमतीला विका, उरलेलं कर्ज आम्ही सोडतो. पण शुक्रवारी पाचच्या आत सगळं पूर्ण हवं. नाहीतर सोमवारी लिलाव!

शुक्रवारी सकाळपासून बँकेला एकेक कागद आठवू लागला. दोन महिन्यांची स्टेटमेंट्स पाठवली, तर तिसऱ्याचंही हवं. नोकरी गेल्याचं पत्र पाठवलं, तर त्यावर आजची तारीख हवी. मी लायब्ररीच्या प्रिंटरपाशी घामाने निथळत उभा. (घरचा प्रिंटर ‘आता कशाला लागतोय’ म्हणून मी आदल्याच आठवड्यात विकला होता.)

तीनला क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पुरा करायच्या ऑफिसात पोचलो, तर तिथल्या डॉनाबाईंनी आणखी एक कागद पुढे केला. घेणारा आणि विकणारा यांच्यात नातं नाही, छुपी देवाणघेवाण नाही, असं शपथेवर लिहून द्यायचं. घर घेणारी केतकी आणि तिचा नवरा नागपूरचे, ओळख जेमतेम दोन भेटींची. मी बिनधास्त सही केली. सव्वाचार वाजले होते.

तेवढ्यात सुजाताने पिशवीतून नारळ काढला.

मागोमाग ब्लाउजपीस आणि तांदूळ. घर सोडताना नव्या घरमालकिणीची ओटी भरायची, हे तिने मला न विचारता ठरवलं होतं. केतकीनेही लगेच ओढणी पसरली. मी टेबलाखालून बायकोला पाय मारला, तो डॉनाबाईंना लागला. त्यांनी दचकून वर पाहिलं आणि हे काय चाललंय, असं विचारलं.

“इट्स अवर कस्टम,” सुजाता कौतुकाने म्हणाली. “शी इज लाइक माय सिस्टर.”

पाच मिनिटांपूर्वी शपथेवर नाकारलेलं नातं आणि देवाणघेवाण, दोन्ही टेबलावर हजर! मला आधी लिलाव दिसला, मग कोर्ट, मग कैद्याच्या नारिंगी कपड्यांतला मी. डॉनाबाई बँकेला फोन लावत होत्या.

“घे तो नारळ परत,” मी कुजबुजलो.

“ओटी कुणी परत घेतं का? अहो, घर जातंय ते जाऊ दे. पण असं कोरडेपणाने नाही द्यायचं मला.”

बारा वर्षं तिने त्या घराचा उंबरठा रोज पुसला होता. मला भरून आलं, पण भीती काही कमी झाली नाही.

बँकेचं उत्तर आलं: मानलेली बहीण चालेल, पण सगळ्या वस्तू लेखी जाहीर करा, अंदाजे किमतीसकट, सोबत पावती. पाचला दहा कमी असताना नवा कागद छापून आला. नारळ एक, कापड एक, तांदूळ पाच मुठी. मी नारळापुढे दोन डॉलर लिहिले. सुजाताने पर्समधून वाण्याची पावती काढली. नारळ, एक डॉलर नव्व्याण्णव सेंट.

पाचला तीन मिनिटं कमी असताना मंजुरी आली. गाडीत बसल्यावर सुजाता रडली आणि मग तो आकडा आठवून हसत सुटली. घराच्या किमतीत मी लाखभर डॉलरने चुकलो होतो, नारळाच्या किमतीत फक्त एका सेंटने. माणूस सुधारतो, फक्त त्याला घराऐवजी नारळ घ्यायला पाठवायला हवं.