खेळण्याची खंडेनवमी

काळेवाडीच्या तनुजाला नोकऱ्या दोन. एक चाकणच्या कंपनीत, गाड्यांचं वायरिंग जोडायची. दुसरी घरी, बिनपगारी, वर बोलणी फुकट. हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम तिने भंगारवाल्याकडून आणला, खोलला, त्याला तारा जोडल्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात स्वतः बनवलेलं सर्किट बसवलं आणि वर चार खुंट्या लावल्या. खुंट्या पिरगाळल्या की गेमच्या टिवटिवाटातून चक्क हलगीचा ठेका उठतो. ऐकणाऱ्याचे पाय जागेवर राहत नाहीत.

एकट्या वडिलांचे राहतात. रंगराव तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाले तरी त्यांच्या पान्यांना हात लावायची घरात कुणाची टाप नाही. "खेळणं हाय ते," एवढाच त्यांचा शेरा. "शिकलेली पोर, अन् गेम खेळायली." तनुजा हसण्यावारी न्यायची. पण लागायचं तिला, चांगलंच लागायचं.

यंदा खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा, लाइन बंद आणि दुपारी कार्यक्रम. यादीत तनुजाचं नाव पहिल्यांदाच आलेलं. त्या सकाळी ती अंघोळ करून आली, तर टेबल रिकामं, गेम अन् डबा दोन्ही गायब! घर पालथं घातलं. शेवटी देवापुढे बघते तो काय, पाटावर पाने, हातोडी, कानस, आईची कात्री, आणि मधोमध तिचा गेम अन् पत्र्याचा डबा. दोन्हींवर हळदकुंकू, झेंडूचं फूल.

"बाबा, हे काय केलंत? मला आज दुपारी वाजवायचंय!"

रंगराव चपापले. "मला काय ठाव, माय? पण आता पुजलं. पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाई."

"हत्यार? तुम्हीच खेळणं म्हणता ना? मग उचलते मी."

रंगराव पाटाकडे बघत म्हणाले, "परवा तू कामावर गेल्यावर झाकण उघडून बघितलं. एक जोड सैल न्हाई. खेळण्यात एवढं काम कोण करतंय?"

तनुजाचा पुढे गेलेला हात तिथेच थांबला. महिनाभराची तालीम पाण्यात जाणार होती. वाईट वाटलं, रडूही आलं. पण रडू नेमकं कशाचं, ते तिचं तिलाच सांगता येईना. तिने कंपनीतल्या दिव्याला फोन लावला.

"यादीतून माझं नाव काढ गं. माझं हत्यार पूजेत बसलंय."

"मग विषयच संपला," दिव्या म्हणाली. "दिवाळीच्या कार्यक्रमात वाजव."

दसरा उजाडताच रंगरावांनी नमस्कार करून सगळ्यात आधी तो डबा उचलला आणि शेजारच्या भिमाबाईंना हाक मारली. "या हो आत. आमच्या तनुजाचं काम ऐका."

तनुजाने बटण दाबलं. आत कुंकू गेलेलं. बटण रुतून बसलं आणि एकच सूर कर्कश किंचाळत राहिला. भिमाबाईंनी कान झाकले. रंगराव स्क्रूड्रायव्हर घेऊन धावले.

"बाबा, हात लावायचा नाही. हत्यार माझं आहे."

रंगरावांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि तिला नीट दिसावं म्हणून बॅटरी धरून उभे राहिले.