खात नाई तो

कौशीबाईंनी पळसाच्या पानांचा पुडा काउंटरवर ठेवला आणि उघडला. आत कुत्र्याच्या खाण्याचे दाणे होते. चार दिवसांपूर्वी मीच ते त्यांना तोलून दिले होते.

"डॉक्टरभाऊ, खात नाई तो," त्या म्हणाल्या.

"वरून पेज देता काय त्याला?"

"देते थोडी. ते चाटते."

"मग हे कायले खाईल? पेज बंद करा. फक्त हेच ठेवा त्याच्यापुढं, दुसरं काहीच देऊ नका. पोटात कावळे ओरडले की मुकाट्यानं खाईल."

कौशीबाईंनी पुडा बांधला आणि त्या नऊ किलोमीटरवरच्या आपल्या गावाला परत गेल्या. मी खुर्चीत मागे रेललो. अडतीस वर्षं गुरं, बकऱ्या, कुत्री पाहिलेल्या माणसाला एका नखरेल कुत्र्याचं काय एवढं, असं मला वाटलं. आज तो दिवस आठवला की माझीच मला लाज वाटते, म्हणून सगळं नीट सांगतो.

मी सरकारी पशुवैद्यक. नोकरीची बहुतेक वर्षं गडचिरोली जिल्ह्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी धानोऱ्यातच राहिलो. प्रकाशचं इथे कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं, गुरांची औषधं. रोज सकाळी दोन तास मी त्याच्या दुकानात बसतो. लोक जनावरांचं विचारतात, मी सांगतो, प्रकाश चहा पाजतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत प्रकाशच्या डोक्यात कुत्र्यांचं खाणं ठेवायचं आलं. गावात बँकेचे लोक, शिक्षक, ठेकेदार वाढले होते. कोणाकडे लॅब्रॅडोर, कोणाकडे पॉमेरियन. सगळे खाणं गडचिरोलीहून आणायचे. प्रकाशने तीन कंपन्यांची सॅम्पल काउंटरवर मांडली आणि म्हणाला, "सर, कोनतं ठेवू? तुम्ही म्हणाल ते."

अशा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. प्रोटीन किती, फॅट किती, फायबर किती, पाणी किती. प्रोटीन म्हणजे अंग भरायला लागतं ते. फॅट म्हणजे तेल आणि चरबी, त्यातून ताकद येते. दाणे भाजून झाल्यावर त्यांच्यावर हे तेल फवारतात. मी चष्मा पुसला, तिन्ही तक्ते वाचले आणि सर्वांत जास्त फॅटवालं निवडलं. आपल्याकडची कुत्री भाताच्या पेजेवर वाढतात, त्यांना तेलाचंच कमी पडतं, असा माझा हिशेब. तो चूक नव्हता. पुढचा चुकला.

पोती आली तेव्हा प्रकाशने विचारलं, "ठेवू कुठी?"

मी पाकिटावरची सूचना वाचली. थंड आणि कोरड्या जागी ठेवा. आता धानोऱ्यात राहणाऱ्या माणसाला 'कोरड्या' हा शब्द आधी दिसतो. पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल येते, जमिनीतून वाळवी येते आणि उंदीर तर बारमाही पाहुणे. इथे जपायची वस्तू माणूस उंचावर ठेवतो. मी वर बोट केलं आणि म्हणालो, "माळ्यावर टाक."

माळा म्हणजे दुकानाच्या पत्र्याखाली ठोकलेल्या फळ्या. पाच पोती वर चढली. सहावं पोतं प्रकाशने स्वतःच्या कुत्र्यासाठी घरी नेलं. त्या कुत्र्याचं नाव टायगर. वाघाच्या मुलखात कुत्र्याला हे नाव ठेवायला हिंमत लागते, असं मी त्याला नेहमी म्हणायचो.

एप्रिलच्या सुरुवातीला कौशीबाईंचा भुऱ्या माझ्याकडे आला. गावातल्या दोघांनी त्याला खाटेवर घालून आणलं होतं. रानडुकराने मांडीपासून बरगडीपर्यंत फाडलं होतं. पहाटे कौशीबाई मोहफुलं वेचत होत्या, झुडपातून डुक्कर सरळ त्यांच्यावर आलं आणि हा मधे पडला. मी टाके घातले, इंजेक्शनं दिली. कुत्रा वाचला, पण रक्त खूप गेलं होतं.

कौशीबाई एकट्या राहतात. मुलगी लग्न होऊन आलापल्लीकडे. मोहाच्या दिवसांत फुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं तोडायचं काम, नंतर धानाची शेती. गेल्या काही वर्षांत आमच्याकडेही वाघाचा वावर वाढला आहे. बाया घोळक्याने जंगलात जातात, पण पानं तोडताना पांगतातच. कौशीबाईंच्या घोळक्यात भुऱ्या पुढे चालायचा. त्याने नाक वर करून पाय रोवले की सगळ्या बाया थांबायच्या. तो मागे वळला की सगळ्या मागे वळायच्या. का, ते कोणी विचारत नसे.

"पत्त्यापर्यंत चालन का हा?" कौशीबाईंनी टाके पडताना मला एवढंच विचारलं होतं. तेंदूपत्ता सुरू व्हायला महिना होता.

"चालेल. पण नुसत्या पेजेनं अंग भरणार नाही. हे खाणं द्या." आणि मी माळ्यावरचं पोतं खाली काढायला लावलं.

पुडा परत आला तो असा.

कौशीबाई गेल्यावर मी प्रकाशला विचारलं होतं, "तुझा टायगर खाते ना हे?"

"खाते म्हणजे? ताट चाटून साफ करते. गावठी कुत्र्याले सवय नाई, दुसरं काही नाई."

मलाही तेच हवं होतं ऐकायला. तरी मनात कुठेतरी खुट्ट झालं होतं. बँकेच्या मॅनेजरांच्या पत्नी त्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या की त्यांचा लॅब्रॅडोर तूप घातल्याशिवाय तोंड लावत नाही आणि हल्ली अंग फार खाजवतो. लॅब्रॅडोर खाण्याला नाही म्हणत नसतो. पण उन्हाळा आहे, उन्हाने भूक मरते, असं मी त्यांना सांगितलं. उन्हाळ्यावर काहीही ढकलता येतं.

तिसऱ्या दिवशी कौशीबाईंच्या शेजाऱ्याचा फोन आला. भुऱ्याने भुकेपोटी दाणे खाल्ले होते आणि सगळे ओकून टाकले होते. आता पातळ जुलाब होत होते. मी मोटरसायकल काढली.

भुऱ्या अंगणात सावलीला पडला होता. टाके सुकत होते, पण पाठीचा कणा वर आला होता. मला पाहून शेपटी हलवली, उठला नाही. मी त्याला तपासलं, सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत ते दाणे तसेच होते.

कौशीबाई समोर उकिडव्या बसल्या. "याचा वास घ्या डॉक्टरभाऊ."

मी घेतला. "कुत्र्याच्या खाण्याले असाच वास राह्यते, बाई."

खरं सांगायचं तर मला फारसं काही कळलं नाही. फिनाईल, स्पिरिट आणि तंबाखू यांनी माझं नाक केव्हाच निकामी केलं आहे.

कौशीबाईंनी चार दाणे उचलले, तळहातावर चुरडले, दोन्ही हात एकमेकांवर जोरात घासले आणि नाकाशी नेले. टोरीचं तेल विकत घेताना इथल्या बाया अशीच पारख करतात. टोरी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल काढून वर्षभर स्वयंपाकाला वापरतात.

"याचं तेल गेलं हाये," त्या म्हणाल्या. "खवट झालं. तुम्ही कुठी ठेवता हे?"

"माळ्यावर. पत्र्याखाली."

कौशीबाई उठल्या. मला घरात बोलावलं. वर बांबूच्या माळ्यावर वाळलेल्या मोहफुलांच्या टोपल्या होत्या. मग त्यांनी खाली कोपऱ्यात बोट दाखवलं. मातीच्या भिंतीला लागून, जमिनीत थोडं रुतवून एक मडकं ठेवलं होतं. त्यांनी झाकण काढून माझ्यापुढे धरलं.

"मागच्या पावसाळ्यातलं तेल हाये. पाहा. मोह वर राह्यते, तेल खाली राह्यते. तेल कोनी वर ठेवते काय?"

ओरडल्या नाहीत, हसल्या नाहीत. लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

मला कॉलेजमधला धडा आठवला, जो मी परीक्षेत पूर्ण लिहिला होता. तेलाला उष्णता आणि हवा मिळाली की ते खवट होतं. घरातले शेंगदाणे, खोबरं होतं तसंच. खवट तेल पोट बिघडवतं आणि अन्नातली काही जीवनसत्त्वंही मारतं. कंपनी हे खवट होणं लांबवायला औषध घालते आणि मग शेवटची तारीख छापते. पण ती तारीख थंड जागेसाठी असते. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याला हात लावता येत नाही. मी सर्वांत जास्त तेलाचं खाणं निवडलं आणि गावातल्या सर्वांत तापलेल्या जागी दोन महिने शेकायला ठेवलं.

दुकानात येऊन मी प्रकाशला सांगितलं. तो मानेना.

"तारीख तं हाये सर अजून. अन् माझा टायगर त्याच लॉटमधलं खाऊन राह्यला."

"तुझं पोतं घरी कुठे आहे?"

"जुन्या खोलीत. मातीच्या भिंतीची, कवेलूच्या छपराची. फळीवर."

बोलता बोलता तो थांबला. मग तडक घरी गेला आणि डबाभर दाणे घेऊन आला. पोत्यावर त्याने पाहून घेतलं होतं, लॉट नंबर तोच, तारीख तीच. दोन्ही मुठी शेजारी ठेवल्यावर माझ्या मेलेल्या नाकालाही फरक कळला.

दोन दिवसांनी भुऱ्याचं पोट थाऱ्यावर आलं तेव्हा आम्ही दोघं कौशीबाईंकडे गेलो. पानांचे दोन द्रोण केले. एकात माळ्यावरचे दाणे, एकात प्रकाशच्या घरचे. भुऱ्या लंगडत आला. पहिल्या द्रोणाला नाक लावलं आणि मान वळवली. दुसऱ्याला लावलं आणि खायला लागला. खाताना शेवटी द्रोणही फाडला.

प्रकाश खाली बघत होता. मी कौशीबाईंना म्हणालो, "बाई, चूक माझी होती. ठेवायची जागा मीच दाखवली. अन् उपाशी ठेवायलाही मीच लावलं."

कौशीबाई भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"तुमची चूक तं हाये," त्या म्हणाल्या. "पन माझी मोठी हाये. जंगलात हा थांबला का मी थांबते. त्याच्या नाकावर माझा जीव हाये. अन् ताटलीपाशी त्यानं सांगतलं, हे खराब हाये, तं मी त्याचं नाई ऐकलं. तुमचं ऐकलं."

मी बॅग आवरत बसलो. डॉक्टर म्हणून मला शिव्या कमी मिळालेल्या नाहीत, पण कोणतीही एवढी खोल गेली नव्हती.

उरलेल्या पोत्यांचा प्रश्न होता. प्रकाशने कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, तारीख संपलेली नाही, माल परत होणार नाही. त्याचंही बरोबर होतं, पत्र्याखाली त्याने ठेवलं नव्हतं. प्रकाश म्हणाला, "डुकरं पाळनाऱ्याले देऊन टाकू काय?" मी म्हणालो, "डुकराला पोट नसतं काय?" त्याने दुसऱ्या दिवशी शेतात खड्डा खणला, चुना टाकला आणि माळा रिकामा केला. मला एका शब्दानेही बोलला नाही. मी बँकेच्या मॅनेजरांकडे आणि ज्यांनी ज्यांनी नेलं होतं त्या सगळ्यांच्या घरी जाऊन सांगितलं. लॅब्रॅडोरची खाज पुढे महिनाभरात थांबली.

भुऱ्या मात्र तेंदूपत्त्याला उभा राहू शकला नाही. त्याचे नेमके भरून यायचे दिवस आम्ही वाया घालवले होते. मी कौशीबाईंना म्हणालो, थोडे दिवस थांबा. त्या म्हणाल्या, पत्ता थांबते काय? पत्त्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवडे चालतो, हे मलाही माहीत होतं. त्या कुत्र्याशिवाय जंगलात गेल्या. बायांनी एक रिकामा डबा बरोबर घेतला होता, वाजवत जायला. भुऱ्याला घरी दोरीने बांधून ठेवावं लागे, कारण तो मागोमाग निघायचा.

ते दिवस मला नीट गेले नाहीत. सकाळी दुकानात बसायचो आणि त्या बाजूने कोणी आलं की आधी विचारायचो, बाया परतल्या काय. प्रकाशही विचारायचा. नशीब बलवत्तर, काही झालं नाही. धान रोवणीला भुऱ्या पुन्हा कौशीबाईंच्या पुढे चालायला लागला. मागचा पाय अजून थोडा ओढतो.

आता प्रकाशच्या दुकानात कमी तेलाचं खाणं असतं, लहान पाकिटात, आणि महिन्याला लागेल तेवढंच. ते खाली ठेवतात, भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळीवर. उंदरांसाठी जाळीचं कपाट केलं आहे. माळ्यावर रिकामी पोती आणि दोऱ्या असतात.

अजूनही आठवड्याला कोणीतरी येऊन सांगतं, डॉक्टर, आमचा कुत्रा खात नाही. पूर्वी मी कुत्र्याला काय झालं ते विचारायचो. आता आधी विचारतो, "पोतं कुठी ठेवलं हाये?"