राजाला जागा देणाऱ्या वत्सलाताई

डॉ. वत्सला निरगुडे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या दुकानात, तांदळाच्या पोत्यांच्या आडोशाला झाली. अमेरिकेत, ॲन आर्बरला मी नुकतंच वाणसामानाचं दुकान थाटलं होतं आणि मालही मीच उतरवत होतो. ताई आल्या होत्या पोहे घ्यायला. पण पोहे राहिले बाजूला, त्या माझ्या चालण्याकडेच पाहत राहिल्या. "घोटा कधी मोडला होता? आणि बसवला कुणी, सुतारानं?" सांगलीच्या मार्केट यार्डात मी ट्रकवरून पडलो होतो, हे इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. डाळींच्या रांगेत उभं करून त्यांनी मला एक व्यायाम शिकवला आणि मग म्हणाल्या, "आता पोहे द्या. जाडे."

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथात त्यांनी केलेल्या हाडांच्या शस्त्रक्रियांबद्दल त्यांचे सहकारी लिहितीलच. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. मी लिहिणार आहे ते त्यांच्या निवृत्तीनंतरच्या एका कामाबद्दल, कारण ते घडलं तेव्हा चहा माझ्या दुकानातला होता आणि कान माझे होते.

हॉस्पिटल सुटल्यावर ताई जुन्या हाडांकडे वळल्या. आमच्या गावापासून तासाभरावर एक लहानसं खासगी संग्रहालय आहे. कुणा धनिकानं युरोपातून खोकीच्या खोकी विकत आणून ते उभारलं. तिथल्या तळघरातली हाडं ताई ओळखून, लावून देत. बर्फात त्यांनी गाडी चालवू नये म्हणून मीच त्यांना नेऊन सोडत असे. जेवणाच्या सुट्टीत वर जाताना त्या टेबलावरच्या हाडांवर आपलं धुतलेलं सुती लुगडं पांघरत. मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, "घरात कुणी झोपलेलं असताना आपण त्याला उघडं टाकून जेवायला जातो का?" तेव्हापासून मी त्या खोलीत टोपी काढून जाऊ लागलो.

एका खोक्यावर 'अज्ञात साधू' अशी चिठ्ठी होती. ताईंनी मानेचे मणके पाहिले आणि म्हणाल्या, "साधूच्या मानेवर तलवार कोण चालवेल हो?" त्यांनी पाठपुरावा केला, मोठमोठ्या प्रयोगशाळांनी तपासण्या केल्या, वंशजांशी जुळवून पाहिलं. साधू निघाला मध्ययुगातला राजा! लढाईत मारला गेलेला आणि पुढे हरवलेला. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली दोन गावं अजून पुरती शांत झालेली नाहीत, आणि हा ग्रंथ कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

राजाला परत पाठवायचं हे नक्की झालं. पण कुठं? राज्याभिषेक झाला त्या शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये, की लढाई झाली त्या गावात? संग्रहालयानं समिती नेमली: संग्रहालयाचे दोन विश्वस्त, शहरातल्या चर्चचे वयोवृद्ध धर्मगुरू, लढाईच्या गावच्या महापौरबाई आणि आमच्या ताई. बैठकीच्या दिवशी दुपारपर्यंत मतं दोन-दोन अशी अडली. राहिलं ताईंचं.

चहा-वड्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. चहा देणाऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. महापौरबाई आपल्या सहायकाला सांगत होत्या, "पार्किंगची जागा आजच नक्की कर." धर्मगुरू विश्वस्तांना म्हणत होते, "एवढे लोक आले, की छताचं काम मार्गी लागेल." मी ताईंना कोपऱ्यात गाठलं.

"ताई, राजा कुणालाच नकोय. गर्दी हवीय."

"गर्दीत वाईट काय आहे? तुम्हाला दुकानात नको का?" ताई वड्याचा तुकडा मोडत म्हणाल्या. "पण हे गृहस्थ चुकीच्या जागी गेले, तर त्यांना पुन्हा कोण उचलणार? त्यांना एकदा विचारायला हवं."

"कुणाला?"

"त्यांनाच."

मला लगेच उमगलं, आणि ते का, हे सांगायला थोडं मागं जायला हवं. माझी आई इथंच वारली. दहाव्याला आम्ही मागच्या अंगणात बर्फ बाजूला करून पिंड ठेवला. कावळा कुंपणावर येऊन बसला, पण उतरेना. मी म्हटलं, "आई, तुझ्या नावानं अन्नदान करीन." भाऊ फोनवरून म्हणाला, "आई, गावच्या देवळात घंटा देतो." माझा मुलगा पुटपुटला, "बाबा, इट्स जस्ट अ क्रो." ताई मागं उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या मनातलं बोलताय. त्यांचा जीव कशात अडकला असेल, ते बोला की." तेव्हा माझी बायको पुढं झाली. "आई, तुमच्या लिंबाच्या कुंडीची काळजी नको. मी हिवाळाभर आत ठेवीन." कावळा उतरला. भुकेनं उतरला असेल, मी वाद घालत नाही. पण दहा दिवसांत आईबद्दल खरं वाक्य ते पहिलंच होतं.

चहानंतर ताईंनी समितीला आपली ही रीत सांगितली, अगदी साधेपणानं. मग म्हणाल्या, "तुम्हाला तो का हवाय, ते सकाळपासून ऐकलं. आता एवढंच सांगा: जाताना त्याचा जीव कशात अडकला असेल?"

 मग धर्मगुरू चष्मा पुसत म्हणाले, "त्याची माणसं. सगळी त्याच रानात, एका खड्ड्यात पडली आहेत. तो त्यांना टाकून आमच्याकडं यायचा नाही."

म्हणजे धर्मगुरूंनी आपलीच बाजू सोडली! विश्वस्त चमकून बघू लागले. महापौरबाईंनी आता टाळी वाजवायला हवी होती. त्या मात्र बोटातली अंगठी फिरवत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "नाही, फादर. त्याचा मुलगा तुमच्या चर्चमध्ये आहे. लढाईच्या आदल्या वर्षी गेला, पाच वर्षांचा. मी शाळेत असताना त्याच्या थडग्यावरची छोटी फरशी पाहिली होती. तो पोराकडं जायला बघत असणार."

"पण सैनिक—"

"पण मूल—"

सकाळी भांडत होते तेच दोघे आता एकमेकांची बाजू घेऊन भांडू लागले. मी किटली हातात धरून उभाच राहिलो. ताईंनी दोघांना पुरतं बोलू दिलं. मग मत दिलं.

"सैनिकांना एकमेकांची सोबत आहे. मूल एकटं आहे."

महापौरबाईंनी मान डोलावली आणि रुमाल काढला. ज्या राजासाठी त्या इतक्या लांब आल्या होत्या, तो त्यांनी आपल्या हातानं घालवला होता. ताई उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. काय बोलल्या ते माझ्या कानांनाही ऐकू आलं नाही.

दफनाला ताईंबरोबर मी आणि माझी पत्नी गेलो. खड्डा खांबाच्या सोयीनं मुलाच्या फरशीच्या डावीकडं खणलेला होता, म्हणजे मूल राजाच्या उजव्या हाताला आलं असतं. ताईंनी आदल्या दिवशी तो पाहिला आणि म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूला घ्या." गवंडी वैतागला, वास्तुविशारद नकाशा दाखवू लागला. धर्मगुरूंनी विचारलं, "डॉक्टर, इतका काय फरक पडतो?"

"यांचा उजवा खांदा तरुणपणीच निकामी झाला होता," ताई म्हणाल्या. "पोराला घेत असतील ते डाव्या हातानं. ते त्या बाजूला हवं."

धर्मगुरूंनी गवंड्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं मुकाट्यानं पहार उचलली.

वत्सलाताई, आमच्यासारख्या कित्येकांना तुम्ही उभं केलंत, चालवलंत. तुमची स्वतःची हाडं मिशिगनचे अजून पुष्कळ हिवाळे खणखणीत राहोत, बर्फात तुमचं पाऊल न घसरो, आणि तुमच्या हाताची ही माया आम्हा सगळ्यांना दीर्घकाळ लाभो, हीच तुमच्या या लहान भावाची मनापासून इच्छा.