मशीनचं दान

गोंदियाच्या बस स्टँडबाहेर एक मावशी शिंगाडे विकते आणि गिऱ्हाईक असलं तरी मोबाइलवर लुडो खेळते. "लहानपनी चिंचोके, मंग पोराची व्हिडिओ गेम, आता हे. खेळ काही सुटला नाही," ती एकदा मला म्हणाली. नजर फोनवरच होती; माझे शिंगाडे अंदाजाने तागडीत पडत होते.

फासा टाकायच्या आधी ती फोन दोन्ही मुठींत धरून चिंचोक्यांसारखा खुळखुळवते, मगच बोट लावते. कॉम्प्युटरची पाळी आली, तरी तेवढ्याच इमानाने खुळखुळवते.

"त्याचं काऊन हलवून राहिली, मावशी?" मी विचारलं.

"त्याले हात आहेत का? लहान लेकराच्या मुठीत चिंचोके नाही मावले, तं मोठ्यानं हलवून द्या लागते."

तेवढ्यात त्या लेकराला सहा पडले आणि घराजवळ पोचलेली मावशीची सोंगटी मेली.

मला हसू आवरेना. "घे! अजून दे हलवून!"

"देतोच ना," ती गंभीरपणे म्हणाली. "सहा पडले. आणखी एक दान त्याचंच आहे."

माझे शिंगाडे तागडीतच ठेवून तिने फोन पुन्हा मुठीत धरला.